लेण्याच्या दारातला माणूस

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या दारात एक माणूस उभा असतो. चित्रांतल्या जातककथा सांगणं हे त्याचं काम नव्हे. त्यासाठी गाइड असतो. याच्या वाट्याला आलेली वाक्यं मोजकीच: चपला-बूट बाहेर काढा, फ्लॅश मारू नका, भिंतीला हात नको, आतले बाहेर आले की तुम्हाला सोडतो. चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या १, २, १६ आणि १७ या लेण्यांत एका वेळी चाळीस माणसं आणि साधारण पंधरा मिनिटं, असा नियम आहे. लांबून आलेल्या, पायऱ्या चढून घामाघूम झालेल्या पर्यटकाला हा माणूस बहुतेक वेळा अडथळाच वाटतो. पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र चार पावलांवर आहे आणि हा म्हणतो, थांबा.

पण त्याच्या एकेका वाक्याला मोठी वंशावळ आहे. ‘हात नको’ हे वाक्य जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रकारांतून आलं, ‘फ्लॅश नको’ हे त्यामानाने अलीकडचं, आणि ‘चाळीसच’ हे सगळ्यांत धाकटं. गंमत अशी की अजिंठ्याच्या चित्रांचं माणसाच्या हातून जे नुकसान झालं, त्यातलं पुष्कळसं चित्रं आवडणाऱ्यांनीच केलं. नियम त्या नुकसानाच्या मागून चालत आले. प्रत्येक वेळी राखण भिंतीपासून थोडी मागे सरकली: आधी भिंतीशी, मग दाराशी, मग डोंगराच्या पायथ्याशी, आणि शेवटी चार किलोमीटर अलीकडच्या फाट्यावर.

वाघुरेकडून वर

अजिंठ्याची लेणी दोन टप्प्यांत कोरली गेली. ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं आणि त्यांच्या आसपासचे काही विहार सातवाहनकाळातले, इसवी सनापूर्वीच्या शतकांतले. बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं, हे तिथल्या शिलालेखावरून कळतं.

तेव्हा लेण्यांकडे जायची वाट आजच्यासारखी नव्हती. आज डोंगराच्या कुशीतून एक सलग रस्ता सगळ्या लेण्यांसमोरून जातो. पूर्वी वाघुर नदीच्या पात्रातून प्रत्येक लेण्याकडे स्वतंत्र पायऱ्या चढत होत्या. त्यांतल्या बहुतेक ढासळल्या. सोळाव्या लेण्याखालचा जिना हा मुख्य प्रवेश असावा. तिथे दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगने ज्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवलं, ती अजिंठ्याचीच असावीत असं अभ्यासक मानतात, आणि त्याच्या वर्णनातही दारापाशी दगडी हत्ती आहेत.

या रचनेत गर्दीचं व्यवस्थापन आपोआपच होत होतं. नदीतून वर येणारा माणूस एका लेण्यात जाई, तिथलं दर्शन घेऊन खाली उतरे. तीसच्या तीस लेणी एका दमात ‘करायची’ कल्पनाच नव्हती. विहारात भिक्षू राहत होते, म्हणजे प्रत्येक लेण्याला घरचा माणूस होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेणाच्या मृत्यूनंतर दानाचा ओघ आटला, काम अर्धवट राहिलं, आणि हळूहळू भिक्षूही गेले.

पुढच्या हजार-बाराशे वर्षांत लेणी ‘हरवली’ असं म्हणायची पद्धत आहे. आसपासच्या गावकऱ्यांना आणि भिल्लांना ती ठाऊक होतीच. गोसावी-बैरागी तिथे मुक्काम करत, चुली आणि धुन्या पेटवत. वटवाघळांनी छतं धरली होती. भिंतींवर काजळी चढली, खालून मातीचा भराव साचत गेला. पण या काळात कुणी चित्र उपसून नेलं नाही.

सहीचा मान

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी या दरीत शिकारीला आला. त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने एका खांबावर, रंगवलेल्या बुद्धाच्या अंगावरच, आपलं नाव, पलटणीचं नाव आणि तारीख कोरली. आज ती सही उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या बऱ्याच वर दिसते, कारण स्मिथ उभा होता तो साचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर. आधुनिक काळातल्या पहिल्या नोंदलेल्या पर्यटकाने पहिल्याच भेटीत काय केलं, याचा पुरावा त्याने स्वतःच तारखेसह ठेवून दिला. दारातल्या माणसाच्या ‘हात नको’ या वाक्याचा जन्म इथे झाला असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर एकेक अधिकारी, डॉक्टर, हौशी अभ्यासक येऊ लागला. नुसतं बघून जाणं अनेकांना पुरेसं वाटेना. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी संबंधित असलेल्या डॉ. जेम्स बर्ड यांनी सतराव्या लेण्याच्या ओसरीत रंगवलेल्या चक्रातून काही आकृत्या सोलून काढायचा प्रयत्न केला आणि हाती भुकटी आली, अशी हकिगत त्या काळातल्या लोकांनी लिहून ठेवली आहे. अजिंठ्याचा रंग ओल्या चुन्यात मुरलेला नाही. ओबडधोबड खडकावर माती, भाताचं तूस, गवत आणि तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती रचना आहे. असा थर भिंतीपासून सोडवायला गेलं की तो विस्कटतोच.

आणि आता या वंशावळीतला सगळ्यांत अवघड पूर्वज. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती आणि तिथे देखरेखीला एक कनिष्ठ नोकर होता. पुढे अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या नोंदीनुसार, हा राखणदारच चित्रांतली डोकी कापून पाहुण्यांना देत असे. म्हणजे लेण्याच्या दारातल्या ज्या पहिल्या माणसाची कागदोपत्री खबर लागते, तो राखणदार आणि विक्रेता दोन्ही होता. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा पगार किती होता आणि पाहुण्यांच्या खिशात किती, हे लक्षात घेतलं की गणित उलगडतं. गिऱ्हाईक साहेबलोक होते. भिंतीचे असे तुकडे परदेशात गेले. एक बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

क्रमांक आणि नकला

जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. चित्रं झपाट्याने नष्ट होत आहेत, तेव्हा त्यांच्या नकला करवून घ्या, अशी मागणी त्यातून पुढे आली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी ती मान्य केली. फर्ग्युसन यांनी आणखी एक गोष्ट केली. लेण्यांना त्यांनी क्रमांक दिले: दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, याचा त्या आकड्यांशी संबंध नाही.

अभ्यासकांची सोय म्हणून दिलेले हे आकडे पुढे पर्यटकाची वाट ठरवून बसले. आजची वाट जिथे वर येते तिथे एक नंबर आहे, म्हणून सगळे एकपासून सुरुवात करतात. पहिलं आणि दुसरं लेणं शेवटच्या टप्प्यातली, चित्रांनी सर्वांत समृद्ध आणि म्हणूनच सर्वांत नाजूक. बसमधून उतरलेली ताजीतवानी गर्दी आधी तिथेच आदळते. दहाव्या लेण्यापर्यंत तिचा उत्साह ओसरतो आणि सव्विसाव्यातल्या महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पापर्यंत निम्मे लोक पोचतच नाहीत, अशी तक्रार गाइड करतात. शिल्पांची लेणी गर्दी सहज सोसू शकतात, चित्रांची नाही. क्रमांकांनी मात्र भार चित्रांच्या माथी मारला.

नकलांचं काम मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे आलं. १८४४ साली नेमणूक झाल्यावर पुढची जवळजवळ वीस वर्षं ते अजिंठा गावात राहून रंगवत राहिले. त्यांची आणि पारो या स्थानिक स्त्रीची प्रेमकहाणी ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि त्यावरच्या चित्रपटामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. गिल यांची भलीमोठी चित्रं लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर १८६६ मधल्या तिथल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्याला आले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांच्या नकलांपैकीही कित्येक १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममधल्या आगीत गेल्या. विसाव्या शतकात अराई काम्पो या जपानी चित्रकाराने नकला केल्या, त्या १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या.

मूळ चित्र जाणार आणि नकल उरणार, या हिशेबाने सुरू झालेल्या कामाचं फळ असं उलटं निघालं. शिवाय नकल करण्यासाठी मूळ चित्र स्पष्ट दिसायला हवं, म्हणून चित्रांवर व्हार्निश चढवलं गेलं. ते कालांतराने पिवळं पडलं, त्याने धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि चित्रं आधीपेक्षा अंधुक झाली. स्मिथचा हात उघड उद्धट होता. हा हात कलावंताचा, जपणारा होता, तरी भिंतीवर त्याची खूण राहिलीच. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांच्यासारख्या चित्रकारांना घेऊन आल्या, तोवर या नकलांच्या उद्योगाला साठहून अधिक वर्षं झाली होती.

संस्थानचं खातं

१९१४ साली हैदराबाद संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याच्या राखणीच्या इतिहासात हा खरा सांधा. इथून पुढे दारातला माणूस आल्यागेल्याच्या बक्षिसीवर जगणारा राहिला नाही. तो एका खात्याचा नोकर झाला, त्याच्यावर अधिकारी आला आणि त्याला नियमावली मिळाली. हेरिंगहॅम यांच्याबरोबर नकला केलेले सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्यूरेटर झाले. ज्याने एकेका भिंतीसमोर महिनोन्महिने बसून रेघ न् रेघ उतरवली, त्याच्याच हाती किल्ल्या आल्या. वटवाघळं आणि पाखरं रोखायला दारं-जाळ्या लागल्या, पायवाटा दुरुस्त झाल्या, फर्दापूरला पाहुण्यांची सोय झाली. म्हणजे येणाऱ्याला अडवायची आणि त्याला बोलवायची, अशी दोन्ही कामं एकाच खात्याने एकाच वेळी सुरू केली. आजही हेच चाललेलं आहे.

१९२० च्या हिवाळ्यात लॉरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ संस्थानाने बोलावले. सुटत चाललेला लेप त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला; पुष्कळ चित्रं आज जागेवर आहेत ती या कामामुळे. पण त्यांनी वापरलेलं लाखेचं रोगणही पुढे काळवंडलं आणि नंतरच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं. याझदानी यांचे अजिंठ्यावरचे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाले. रंगीत छायाचित्रांमुळे पहिल्यांदाच असं झालं, की भिंतीला हात न लावता आणि ब्रश न धरता चित्र जगभर पोचलं. त्यातून पाहुणे कमी न होता वाढले, हा भाग वेगळा. चांगली छबी माणसाला मूळ पाहायला उद्युक्त करते.

संस्थान विलीन झाल्यावर १९५१ च्या कायद्याने लेणी राष्ट्रीय महत्त्वाची ठरली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. २०१० च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत गेली आणि दंड एक लाखापर्यंत. स्मिथच्या सहीला आज हे कलम लागलं असतं. आता तीच सही गाइड आवर्जून दाखवतात.

श्वासाचा हिशेब

हात आवरले, तुकडे विकणं थांबलं, व्हार्निश बंद झालं. तरी चित्रं बिघडतच होती. कारण नुसतं आत जाऊन उभं राहणं हीसुद्धा एक क्रिया आहे, हे समजायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. तो धडा जगाला फ्रान्समध्ये मिळाला.

१२ सप्टेंबर १९४० रोजी काही पोरांना लास्को इथे आदिमानवाच्या चित्रांची गुहा सापडली. १९४८ साली ती लोकांना खुली झाली आणि काही वर्षांतच दिवसाला बाराशे माणसं आत जाऊ लागली. त्यांचा श्वास, घाम, अंगाची ऊब आणि दिव्यांचा उजेड यांनी हजारो वर्षं स्थिर असलेली हवा बदलली. भिंतींवर हिरवं शेवाळ आलं, मग पांढरे क्षार. २० एप्रिल १९६३ रोजी संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा लोकांसाठी बंद केली. १९८३ मध्ये जवळच तिची प्रतिकृती खुली झाली, आणि स्पेनमधल्या अल्तामिरानेही पुढे तीच वाट धरली.

अजिंठ्याला हा धडा जसाच्या तसा लागू होत नाही. लास्को जमिनीखालची बंद गुहा. अजिंठ्याची लेणी दरीकडे तोंड करून उघडी आहेत, वारा आत येतो आणि पावसाळ्यात बेसॉल्टच्या भेगांतून पाणीही येतं. ती कायमची बंद केली तरी ओल थांबणार नाही. पण विहाराची रचनाच अशी, की हवा समोरूनच येणार आणि समोरूनच जाणार. मागच्या भिंतीला झरोका नाही. गाभाऱ्यालगतच्या भिंतींवर, म्हणजे पद्मपाणी आहे तिथेच, हवा सर्वांत जड होते. त्यात लेपामधलं तूस आणि गवत म्हणजे किड्यांचं खाद्य, आणि किड्यांना ओल मानवते. पुरातत्त्व खात्याचे मॅनेजर सिंग आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवलं, की वेरूळच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते आणि त्यामुळे तिथे कीड कमी लागली. अजिंठ्याच्या लेपात ती भांग नाही. त्यामुळे आत सोडलेल्या प्रत्येक घोटभर वाफेचा संबंध इथे थेट चित्राच्या आयुष्याशी येतो.

आता चाळीस आणि पंधरा या आकड्यांकडे पुन्हा पाहू. उभा राहून हळूहळू फिरणारा माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चाळीस माणसांचं पाव तासाचं होतं सुमारे अर्धा लिटर. ही एका तुकडीची गोष्ट. लेणी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच उघडी असतात, म्हणजे साडेआठ तास. तासाला चार या दराने चौतीस तुकड्या. गर्दीच्या दिवशी नियम अगदी तंतोतंत पाळला, तरी एका लेण्यात १,३६० माणसं जाऊ शकतात आणि सतरा लिटरच्या घरात पाणी हवेत मिसळतं. लास्को ज्या आकड्याने आजारी पडली, तो बाराशेचा होता. दोन जागांची तुलना पुरती होत नाही हे मान्य करूनही एवढं दिसतंच, की दारातला नियम एका क्षणाची गर्दी आवरतो, दिवसाची नाही. तुकड्यांच्या मध्ये हवा पूर्ववत व्हायला वेळ हवा, तो या नियमात कुठेच धरलेला नाही.

उजेडाचंही असंच. मशाली आणि दिवे गेले, आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने ऊन आत फेकायची युक्ती आली. मग झगझगीत विजेचे दिवे आले, त्यांच्या जागी उष्णता न देणारे मंद दिवे बसले. नव्वदच्या दशकात बिनॉय बहल यांनी फ्लॅशशिवाय, अत्यल्प प्रकाशात अजिंठ्याची छायाचित्रं घेऊन दाखवली. आता खिशातल्या फोनलाही ते जमतं, त्यामुळे फ्लॅशबंदी मोडायला निमित्तही उरलेलं नाही.

फाट्यावरचा थांबा

१९८३ साली अजिंठा आणि वेरूळ, ताजमहाल आणि आग्ऱ्याचा किल्ला ही भारतातली पहिली जागतिक वारसास्थळं ठरली. यादीत नाव आलं की दोन गोष्टी एकदम होतात: जपणुकीची सक्ती येते आणि पाहुणे वाढतात. १९९० च्या दशकात जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प सुरू झाला. २००३ पासून त्याचा दुसरा टप्पा. रस्ते, विमानतळ, पाणी, झाडं आणि लेण्यांचं संवर्धन असं सगळं त्यात होतं. या प्रकल्पाने अजिंठ्याच्या राखणीत सर्वांत मोठा बदल केला तो फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवर. खासगी गाड्या तिथेच थांबतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. पायथ्याशी दाटलेली दुकानंही या फाट्यावर हलली. इंजिनांचा धूर, हॉर्न आणि पार्किंगची रेटारेटी दरीबाहेर गेली. स्मिथपासून जो धोका भिंतीला चिकटून होता, त्याला पहिल्यांदाच एवढ्या लांब रोखलं गेलं.

या बदलाची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवं. दुकानदारांना गिऱ्हाईक बसमध्ये चढण्याआधी किंवा उतरल्यावर गाठावं लागतं, म्हणून टी-पॉइंटवर हातात गारगोट्या आणि माळा घेऊन पाठलाग करणारे लोक दिसतात. पायथ्याशी डोलीवाले आहेत. वयस्क माणसाला खांद्यावरून वर नेणं ही इथली जुनी मजुरी. पर्यटक कमी करा असं सहज म्हणताना या घरांचा विचार कुणी करत नाही, आणि मग स्थानिक विरोध झाला की तो स्वार्थी ठरवला जातो.

याच प्रकल्पातून टी-पॉइंटजवळ मोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं, आत १, २, १६ आणि १७ या चार लेण्यांच्या प्रतिकृतींसह. कल्पना लास्कोच्याच वळणाची: चित्रांची कथा आधी इथे निवांत, उजेडात समजून घ्या, मग मूळ लेण्यात पंधरा मिनिटं पुरतील. २०१३ मध्ये ते सुरू झालं आणि काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी बंद पडलं. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या नकला आगीत गेल्या. ही नकल शाबूत होती, नुसतं कुलूप लागलं.

दिवस मोजायचे की माणसं

राखण अशी भिंतीपासून फाट्यापर्यंत, म्हणजे अंतरात, हळूहळू लांब नेली गेली. कॅलेंडरात मात्र ती शिरलेली नाही. सोमवारी लेणी बंद असतात, एवढाच काय तो दिवसांचा नियम. पावसाळ्यात दरी हिरवी होते, सातकुंडाचा धबधबा कोसळू लागतो आणि तो पाहायला आलेली तरुण मंडळी साहजिकच लेण्यांतही डोकावतात. हवेत ओल सर्वाधिक असते तेच हे दिवस. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत दारातल्या रांगा वाढतात, तेव्हा चाळीसचे साठ होऊ नयेत हे सर्वस्वी एका माणसाच्या आवाजावर अवलंबून राहतं.

इतरत्र आता दिवसाचा आकडा ठरवला जातो. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजारांची मर्यादा आणि वेळेचं तिकीट आहे. पाँपेईत नोव्हेंबर २०२४ पासून तेवढीच मर्यादा आली. ताजमहालात २०१८ पासून तीन तासांचं बंधन आणि मुख्य कबरीसाठी दोनशे रुपयांचं जादा तिकीट आहे. असा आकडा कुठल्या यंत्रात आपोआप उमटत नाही. आपल्याला किती बिघाड चालेल हे आधी ठरवायचं, त्याच्या खुणा मोजत राहायच्या आणि आकडा वरखाली करायचा, ही पद्धत अमेरिकेच्या वनखात्यातल्या संशोधकांनी १९८५ साली रानवाटांसाठी मांडली होती. अजिंठ्यात लेण्यांतली आर्द्रता आणि तापमान मोजण्याचं काम झालेलं आहे. ते आकडे तिकीटखिडकीपर्यंत आणले, तर पावसाळ्यातल्या दमट दिवशी पहिलं आणि दुसरं लेणं आळीपाळीने मिटवता येईल, दोन तुकड्यांमध्ये हवा मोकळी व्हायला वेळ सोडता येईल आणि निम्म्या बसेसना सव्विसाव्या लेण्याच्या बाजूने सुरुवात करायला सांगता येईल. फर्ग्युसनचे क्रमांक काही शिलालेख नाहीत.

पण दोनशे वर्षांच्या या मागोव्यात एक गोष्ट सारखी समोर येते. लेणं राखलं गेलं तेव्हा तिथे पगारी, जाणता, वरून पाठिंबा असलेला माणूस होता; बिघडलं तेव्हा तो नव्हता, किंवा होता तो बक्षिसीवर जगत होता. याझदानींच्या काळात फरक पडला तो खातं, क्यूरेटर आणि किल्ल्या यांमुळे. टी-पॉइंट चालतो तो बसचा ड्रायव्हर रोज येतो म्हणून. अभ्यागत केंद्र बंद पडलं तेही याच कारणाने, उलट बाजूने: कर्जातून इमारत उभी राहिली, तिच्या दिव्यांचं बिल मात्र कुणाच्याच नावावर नीट लिहिलेलं नव्हतं. बांधकामाचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. सफाई कामगार, पहारेकरी आणि आर्द्रतामापक वाचणारा तंत्रज्ञ यांचं उद्घाटन कुणी करत नाही, म्हणून आराखड्यात ते शेवटच्या पानावर जातात किंवा जातच नाहीत.

अजिंठ्यासाठी पुढचा आराखडा केव्हातरी येईलच. त्यात रोपवे असेल, काचेचं दालन असेल, डिजिटल भिंती असतील. तो हाती आला की आधी दोन रकाने शोधावेत: वीस वर्षांचं वीज-पाण्याचं बिल कोण भरणार, आणि प्रत्येक चित्रित लेण्याला दिवसभर किती कायम नेमणुकीची माणसं मिळणार. हे रकाने कोरे असतील, तर बाकीचा आराखडा कितीही देखणा असला तरी तो मंजूर करू नये.